सात संध्याकाळी, सात पुस्तकं

ताप्ती लाइन या रेल्वेमार्गाच्या दोन्ही टोकांच्या विद्यापीठांना कवींची नावं आहेत. सुरतेत वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ, जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. नर्मदाने एकट्याने गुजराती शब्दकोश रचला. बहिणाबाईंना अक्षरओळखही नव्हती. या दोन नावांच्या मधल्या रुळांवरून खान्देशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्यासाठी पश्चिमेला येत आहेत. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार अशी स्टेशनं मागे टाकत गाडी नवापूरला येते. त्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पुढे व्यारा, बारडोली आणि मग उधना. उधन्याला उतरून रिक्षा केली की सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया आणि गोडादरा या वस्त्या.

गोडादऱ्यात मराठी ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. महाराणा प्रताप चौकाच्या आसपासच्या सोसायट्यांमधून फिरलं की भाजीवालीशी गुजरातीत, शेठशी हिंदीत, मुलांच्या शाळेत मराठीत आणि घरात अहिराणीत बोलणारी एकच बाई भेटते. पुरुष रिंग रोडच्या कापड मार्केटात साड्यांचं फोल्डिंग, पॅकिंग, पार्सलं बांधणं अशी कामं करतात, नाहीतर लूमच्या खात्यात बारा-बारा तासांची पाळी भरतात. बायका घरी बसून साड्यांना लेस लावतात, टिक्या चिकटवतात, धागे कापतात. या पट्ट्यातल्या खान्देशी माणसांचं वजन आता राजकारणातही दिसतं. लिंबायत मतदारसंघातून संगीता पाटील २०१२पासून आमदार आहेत. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले आणि सध्या केंद्रात मंत्री आहेत. मतपेटीत या समाजाची मोजदाद झाली आहे. पुस्तकांच्या जगात मात्र तो अजून कुणाच्या हिशेबात नाही.

टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात आठवडाभर रोज एक पुस्तक आणि एक लेखक आणायचा, ही कल्पना जगात नवी नाही. तसा आठवडा गोडादऱ्यासाठी केला, तर पाहुणे कोण असतील आणि बघणार कोण? वाचनाबद्दल इथे कुणालाही विचारलं, तर उत्तर ठरलेलं आहे: ‘वाचाले येळच नही शे, भाऊ.’ हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. कारण याच वस्तीत वर्षातून एकदा एक जाड ग्रंथ सात दिवसांत शेवटपर्यंत वाचला जातो, आणि तोही शंभर माणसांसमोर.

मंडपातला ग्रंथ

अखंड हरिनाम सप्ताहाचा फ्लेक्स नीट वाचण्यासारखा असतो. सात तारखा, सात कीर्तनकारांचे फोटो, कोणत्या रात्री कोण, काल्याचं कीर्तन कुणाचं, महाप्रसाद कुणाकडून. खाली बारीक अक्षरात व्यासपीठचालक, गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि या सगळ्यात एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वीणा खाली न ठेवण्याचा नियम. खान्देशच्या गावातली ही पद्धत माणसांबरोबर सुरतेला आली आणि सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव घालून रुजली.

यातल्या पारायणाकडे वाचक म्हणून बघितलं पाहिजे. १२९० साली पूर्ण झालेला, नऊ हजारांच्या वर ओव्यांचा हा ग्रंथ अठरा अध्यायांचा आहे. त्याचे सात वाटे करतात. व्यासपीठचालक पुढे बसून ओव्या म्हणतो आणि समोरची माणसं आपापली पोथी उघडून त्याच्या लयीत वाचतात. कुणाचं बोट ओळीवर फिरतं. कुणाला अर्थ लागतो, कुणाला अर्धामुर्धा लागतो, कुणाला फक्त चाल लागते. सातशे वर्षांहून जुनी मराठी आहे, पण अवघड आहे म्हणून कुणी पोथी मिटत नाही. रात्री कीर्तनकार बहुतेक वेळा तुकोबांचा एक अभंग निरूपणाला घेतो आणि दोन तास त्याच एका अभंगाभोवती फिरतो. मध्ये विनोद, घरातल्या भांडणांचे दाखले, सुनेला-सासूला टोमणे, पुन्हा अभंग. मुलाखत घेणाऱ्याला आणखी काय करायचं असतं? लेखक चारशे वर्षांमागचा, म्हणून त्याच्या वतीने उत्तरंही यजमानालाच द्यावी लागतात एवढंच.

सप्ताहात दोन गोष्टी मात्र नसतात. नवा लेखक नसतो, आणि ऐकणाऱ्याला उठून प्रश्न विचारण्याची सोय नसते. मांडवात श्रद्धेला जागा आहे, शंकेला फारशी नाही. टीव्हीवरच्या पुस्तकांच्या कार्यक्रमाने हीच जागा भरायची असते.

पडद्यावरचं पुस्तक

हे काम कसं करायचं, ते फ्रान्समध्ये बेर्नार पिव्हो यांनी दाखवलं. त्यांचा ‘आपोस्त्रोफ’ हा कार्यक्रम जानेवारी १९७५ ते जून १९९० अशी पंधरा वर्षं दर शुक्रवारी रात्री थेट प्रसारित झाला. सातशेच्या वर भाग झाले. चार-पाच लेखक समोर बसायचे आणि पिव्हो त्यांना पुस्तक वाचलेल्या माणसासारखे प्रश्न विचारायचे. शुक्रवारी रात्री चर्चा झालेलं पुस्तक शनिवारी दुकानातून संपायचं. मे १९७५मध्ये व्लादिमिर नाबोकोव्ह तिथे आले. ते आयत्या वेळी बोलायला तयार नव्हते. त्यांनी उत्तरं आधी लिहून आणली आणि कार्डांवरून वाचली. समोरच्या किटलीत चहाच्या नावाखाली व्हिस्की होती. एवढ्या अडचणीचा पाहुणासुद्धा रंगला, कारण समोरच्या यजमानाला त्याचं पुस्तक खरोखर माहीत होतं.

अमेरिकेत ऑप्रा विन्फ्री यांनी सप्टेंबर १९९६मध्ये आपल्या दुपारच्या कार्यक्रमात वाचकमंडळ सुरू केलं. आधी पुस्तकाचं नाव जाहीर करायचं, लोकांना वाचायला काही आठवडे द्यायचे आणि मग लेखकाला बोलवायचं, अशी तिथली रीत होती. दुसरंच पुस्तक त्यांनी टोनी मॉरिसन यांचं घेतलं. मॉरिसन यांना नोबेल मिळून तीन वर्षं झाली होती आणि ती कादंबरी जुनी व सोपी नसलेली होती, तरी घराघरात पोहोचली. २००१मध्ये जोनाथन फ्रान्झेन या कादंबरीकाराने, आपलं पुस्तक अशा कार्यक्रमात निवडलं जाण्याबद्दल जाहीर नाराजी दाखवली आणि ऑप्रांनी निमंत्रण मागे घेतलं. दुपारी टीव्ही बघणाऱ्या बायका गंभीर वाचक असू शकतात, हे काही लेखकांना पटत नव्हतं. साडीला लेस लावता लावता टीव्ही ऐकणाऱ्या गोडादऱ्यातल्या बाईबद्दलही आपल्याकडच्या लेखकांचं मत वेगळं असेल असं वाटत नाही.

मराठीत ही परंपरा मुंबई दूरदर्शनने सुरू केली. केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि सुहासिनी मुळगावकर यांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ने लेखक-कलावंतांना घरात आणून बसवलं. एकच वाहिनी असल्यामुळे बघणाऱ्याला दुसरीकडे जायची वाट नव्हती, हे खरं. पण लेखक दिसतो कसा, बोलतो कसा, थांबतो कुठे, हे मराठी माणसाने तिथे पहिल्यांदा पाहिलं. आज बातम्यांच्या वाहिनीवर ‘माझा कट्टा’सारख्या कार्यक्रमात अधूनमधून लेखक येतात, यूट्यूबवर तास-दोन तासांच्या मुलाखती आहेत. तरी बहुतेक वेळा लेखकाला बोलावणं येतं ते पुरस्कार मिळाल्यावर किंवा वाद पेटल्यावर. पुस्तक टेबलावर उभं असतं आणि गप्पा दुसऱ्याच कशाबद्दल तरी चालतात.

पुढचा आठवडा मी माझ्या मनाने आखला आहे. पाहुणे निवडताना एकच अट घातली: प्रत्येक पुस्तकाची एक वाट गोडादऱ्यावरून गेली पाहिजे.

सोमवार

पहिला मान बहिणाबाईंचा. जन्म १८८०, जळगावजवळ आसोद्याला. शेतात राबताना, जात्यावर बसताना त्या ओव्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व घरातल्या इतरांनी त्या टिपून ठेवल्या. डिसेंबर १९५१मध्ये त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे छापलेलं पुस्तक खुद्द कवयित्रीने कधी पाहिलंच नाही.

या संध्याकाळी स्टुडिओत समीक्षक नको. गोडादऱ्यातल्या चार बाया बोलवाव्यात, ज्यांना कानबाईची गाणी रात्रभर म्हणता येतात. श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, जागरण होतं. त्या रात्री गायली जाणारी गाणी कुणी रचली, कुणाच्या आजीने कोणतं कडवं वाढवलं, हे विचारावं. सोपानदेव घरात नसते तर बहिणाबाईंचं काय झालं असतं, हा प्रश्न त्यानंतर आपोआप येतो.

मंगळवार

दुसऱ्या दिवशी दादोबा पांडुरंग तर्खडकर. सुरतेतल्या मराठी माणसाला या शहराशी मराठीचं नातं विचारलं, तर तो शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्या सांगतो. फार तर १९०७ची काँग्रेस, टिळक आणि मांडवात उडालेला जोडा. दादोबा कुणाला आठवत नाहीत. १८३६मध्ये मराठी भाषेचं व्याकरण लिहिणारा हा माणूस पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होता. तिथे दुर्गाराम मेहता आणि इतर गुजराती सुधारकांबरोबर त्याने १८४४ साली मानवधर्म सभा काढली. जातिभेद, भूतबाधा, मंत्रतंत्र यांवर ही सभा उघड वाद घालत असे. मुंबईतली परमहंस सभा त्याच दादोबांच्या प्रेरणेने नंतर उभी राहिली.

म्हणजे महाराष्ट्रातल्या सुधारणेचा एक धडा सुरतेत गिरवला गेला होता. त्यांचं आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादित करून १९४७मध्ये प्रसिद्ध केलं. मांत्रिकांच्या जाहिराती आजही रिक्षांच्या मागे चिकटवलेल्या असतात, तेव्हा चर्चेला विषय शोधायला लांब जायला नको.

बुधवार

साने गुरुजी जन्माने कोकणातल्या पालगडचे, पण शिक्षक म्हणून घडले ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहून काढली. तिची रचना लक्षात घ्यावी. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं आहे. श्याम रोज रात्री मित्रांना आईची एक आठवण सांगतो, दुसऱ्या रात्री ऐकणारे वाढलेले असतात. मालिकेच्या भागांची ही बांधणी गुरुजींनी टीव्हीच्या कितीतरी आधी वापरली. अत्र्यांनी १९५३मध्ये त्यावर केलेल्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

गुरुजींच्या आंतरभारतीबद्दल या भागात बोलावं. भारतीय भाषांनी एकमेकींना शिकावं, असं त्यांना वाटत होतं. गोडादऱ्यातलं पोर दहाव्या वर्षी चार भाषा बोलतं, पण त्याबद्दल त्याला कुणी शाबासकी देत नाही. उलट एकही भाषा धड येत नाही म्हणून ओरडा खातं.

गुरुवार

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. लेखक तेव्हा पंचविशीचा, यावल तालुक्यातल्या सांगवीचा. कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर खान्देशातल्या गावातून पुण्याला शिकायला जातो, पैसे उडवतो, नापास होतो, परत येतो. शहराला तो पुरता पटत नाही आणि गावालाही. २०१४चं ज्ञानपीठ मिळालेल्या या लेखकाला विद्यापीठांत खूप वाचलं गेलं आहे. ज्या गावांमधून तो पांडुरंग निघाला, त्याच गावांमधून निघालेली पोरं पुण्याऐवजी सुरतेला आली. त्यांना वसतिगृहाची खोली मिळाली नाही. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ जण, जेवायला खानावळ, दिवाळीला गाव. पांडुरंगाचा कंटाळा त्यांना परवडला असता का, हा प्रश्न यजमानाने विचारलाच पाहिजे. नेमाड्यांना आवडो न आवडो.

शुक्रवार

या दिवशी पुस्तक एक नाही, भाषा एक: अहिराणी. ग्रियर्सनने आपल्या भाषा सर्वेक्षणात खान्देशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीबरोबर न बसवता भिल्ली बोलींच्या खंडात बसवलं. जनगणनाही खान्देशी वेगळी मोजते. तिच्यात मराठी आणि गुजराती दोघींचंही देणं आहे, म्हणून सुरतेत आलेल्या अहिराणी माणसाला गुजराती शिकताना फार अडत नाही. या बोलीतलं एक नियतकालिक गुजरातशी जोडलेलं आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. गणेश देवी यांच्या बडोद्याच्या भाषा संस्थेने ‘ढोल’ हे नियतकालिक वेगवेगळ्या बोलींमध्ये काढलं, त्यातल्या अहिराणी ‘ढोल’चं संपादन सुधीर देवरे यांनी केलं.

यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि विनोदी नाटुकल्या तुफान चालतात. लग्नाच्या वरातीत गोडादऱ्यापासून धुळ्यापर्यंत एकच गाणं वाजतं. पण अहिराणी म्हणजे फक्त हसवायची भाषा, हा समज त्याच व्हिडिओंनी घट्ट केला. शुक्रवारच्या कार्यक्रमात यजमानाने सगळे प्रश्न अहिराणीत विचारावेत आणि त्यातला एकही विनोदी नसावा.

शनिवार

नारायण सुर्वे. मुंबईत टाकून दिलेलं मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचललं, वाढवलं. पुढे हे मूल कामगारवस्तीचा कवी झालं. १९६२मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’, १९६६मध्ये ‘माझे विद्यापीठ’, १९९५मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. २०१०मध्ये ते गेले. त्यांच्या कवितेतली मुंबई गिरण्यांची होती. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर ती ओसरत गेली. कापड मात्र थांबलं नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरतेच्या लूमवर ते विणलं जात राहिलं. गिरणीत युनियन होती, कॅन्टीन होतं, कवितेला जाहीर सभा होती. लूमच्या खात्यात यातलं फारच थोडं उरलं. सुरतेच्या लूममधला सुर्वे अजून आपल्याला भेटलेला नाही. तो लिहीत असेल तर कोणत्या भाषेत, याचा अंदाज शनिवारी बांधता येईल. ओडिशातून आलेले कामगार त्याच्या शेजारी उभे असतात, त्यांनाही बोलवावं.

रविवार

मार्केट बंद, म्हणून सर्वांत मोठा श्रोतावर्ग याच दिवशी. पाहुणा घरचा यजमान: नर्मद. जन्म १८३३, सुरत. १८५८ साली त्याने नोकरी सोडून लेखणीच्या जिवावर जगायचं ठरवलं आणि त्याची किंमत कर्जात बुडून मोजली. १८६४मध्ये ‘दांडियो’ हे पाक्षिक काढून त्याने ढोंगी महाराजांपासून आपल्याच समाजापर्यंत सर्वांना झोडपलं. १८६६मध्ये लिहिलेलं ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र इतकं उघडं होतं, की ते सगळ्यांच्या हाती यायला १९३३ साल उजाडलं. गोपीपुऱ्यातल्या आमलीरानमध्ये त्याचं घर आहे. गोडादऱ्याहून ते काही फार लांब नाही, पण तिकडे जायचं कारण कुणी देत नाही.

हा भाग गुजरातीत व्हावा. महाराष्ट्रातून येऊन गुजराती गद्याचे मानकरी झालेल्या काका कालेलकरांना गांधीजी ‘सवाई गुजराती’ म्हणत. गोडादऱ्यातल्या मराठी पोरांमधून तसं कुणी पुढे आलं, तर मराठीचं काही बिघडत नाही.

आठवा दिवस

कार्यक्रम झाला, लोकांनी पाहिला. सोमवारी सकाळी एखाद्या बाईला बहिणाबाईंचं पुस्तक हवं झालं, तर ते कुठे मिळेल? सगळी मेख इथे आहे. पिव्होंच्या मागे फ्रान्समधली दुकानं होती. ऑप्रा प्रकाशकांकडून ग्रंथालयांसाठी प्रती मागून घेत. गोडादऱ्यात साडीची पॅकिंग पिशवी कुठेही मिळेल, मराठी कादंबरी नाही.

सोय अगदीच नाही असंही नाही. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजीबरोबर मराठीतूनही चालतात. त्यांची मराठी पाठ्यपुस्तकं गांधीनगरात तयार होतात. पाठ्यपुस्तकापलीकडचं पुस्तक मात्र तिथवर पोहोचायला अवघड जातं. महाराष्ट्राच्या योजना सीमेपाशी थांबतात आणि गुजरातच्या योजनांचं लक्ष साहजिकच गुजरातीवर असतं. २०१०मध्ये ‘वांचे गुजरात’ ही वाचनाची मोठी मोहीम झाली. २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन ताप्ती लाइनवरच्या अमळनेरला भरलं. बडोदा आणि अहमदाबादला संमेलनं झाली, सुरतेचं नाव त्या यादीत नाही. संमेलन आलं नाही याची फार खंतही वाटायला नको. तीन दिवसांच्या मांडवापेक्षा पुस्तकांचं कपाट जास्त टिकतं.

कपाट कसं पोहोचवायचं, हे याच मुलखात शंभर वर्षांपूर्वी करून झालं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे राज्यात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव फिरवल्या जात. नवसारी, व्यारा, सोनगड हे भाग तेव्हा बडोद्याचेच होते. एका मराठी राजाने गुजराती रयतेसाठी पेट्या फिरवल्या. आता गुजरातमधल्या मराठी वस्तीसाठी तशी एक पेटी फिरवायला कुणाला राजा व्हावं लागत नाही. सप्ताहाची समिती महाप्रसादासाठी वर्गणी काढते, त्या वर्गणीत सात पुस्तकांच्या पंचवीस-पंचवीस प्रती सहज बसतील. पारायण संपल्यावर पोथ्या बांधून ठेवतात. त्यांच्या शेजारी ही पुस्तकं ठेवायची, न्यायची मुभा सगळ्यांना द्यायची आणि पुढच्या वर्षी कीर्तनाआधी अर्धा तास श्रोत्यांना प्रश्न विचारू द्यायचे.

कार्यक्रम एकदा रात्री आणि एकदा सकाळी दाखवावा, म्हणजे रात्रपाळीवाल्यालाही बघता येईल. यजमानाने सातही पुस्तकं वाचलेली असावीत. आणि कार्यक्रम जमला की फसला, हे किती जणांनी पाहिला यावरून ठरवू नये. महिन्याभराने पेटी उघडून बघावी. पुस्तकं जागेवर असली, तर आपण फक्त टीव्ही दाखवला. नसली, तर आणखी मागवावीत.